दुपारच्या घोरण्याची पर्यायी व्यवस्था

आमच्या घरात रोज दुपारी दोन ते चार मोठी आत्या घोरते. आता, मोठी आत्या आमच्या घरात राहत नाही. ती इथून दहा तासांवर, दुसऱ्या गावी, आपल्या मुलाकडे असते, आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचा प्रवास बंद आहे. आमच्याकडे राहते ती धाकटी, जिला आम्ही नुसतं आत्या म्हणतो. दोन वाजले की आत्या आपल्या खोलीत आडवी होते, उशाजवळच्या स्टुलावर टॅब उभा करते आणि ताईला व्हिडिओ कॉल लावते. पाच मिनिटं दोघी एकमेकींच्या गुडघ्यांचा आढावा घेतात. मग कॉल तसाच चालू ठेवून दोघी झोपतात. मोठी आधी झोपते. तिचं घोरणं टॅबमधून यायला लागलं की दोन मिनिटांत आत्याचा डोळा लागतो.

हे ज्यांना विचित्र वाटेल त्यांनी एकदा दुपारचं आमच्याकडे येऊन पाहावं. त्या घोरण्याला एक ठेका आहे. मोठा श्वास, मग जरा थांबणं, मग सोडताना बारीकशी शीळ. पडदे ओढलेले असतात, त्यांच्यातून गाळून आलेला पिवळसर उजेड जमिनीवर पसरलेला असतो, आणि पंखासुद्धा त्याच ठेक्यात फिरतोय असं वाटायला लागतं. बायको पुस्तक घेऊन बसते आणि तिसऱ्या पानावर तिची मान कलते. रविवारी मीही दिवाणावर पडलेला असतो. खरं सांगतो, त्या वेळी हे घर जमिनीवर नाहीच, कुठेतरी पाण्यावरून हळूहळू चाललंय असं मला वाटतं. साठीकडे झुकलेल्या माणसाला असं वाटावं का, हा प्रश्न वेगळा. तो मला कुणी विचारलेला नाही.

घोडं अडायचं ते लाईनपाशी. इंटरनेटची लाईन दुपारी दोनदा तरी जायची. मिनिटभर, कधी दोन मिनिटं. लाईन गेली की घोरणं थांबायचं, आणि घोरणं थांबलं की आत्या ताडकन उठून बसायची, छातीवर हात, डोळे काळ्या पडलेल्या टॅबवर. तुम्हीच सांगा, ब्याऐंशी वर्षांच्या बाईचा श्वास ऐकू यायचा एकदम थांबला तर तिच्या एकोणऐंशी वर्षांच्या बहिणीने काय समजायचं? मग बायकोने धावत जाऊन फोन लावायचा, पलीकडून मोठ्या आत्याने "अगं आहे मी" म्हणायचं, तेव्हा कुठे आत्याच्या तोंडावर रंग परत यायचा. पुन्हा डोळा लागला तरी ती झोप कच्चीच.

डॉक्टरांनी आत्याचा रक्तदाब दोनदा मोजला आणि दोन्ही वेळा तोंड वाकडं केलं. म्हणाले, गोळ्या वाढवत बसण्यात अर्थ नाही. ह्यांचं असं दचकून उठणं बंद करा, हृदय आता तेवढं सोसणारं राहिलेलं नाही. आत्या खिडकीबाहेर बघत होती, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय. परत येताना गाडीत तिने एवढंच विचारलं, "ताईबरोबर झोपायचं बंद करा, असं नाही ना म्हणाले?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग झालं. सिग्नलवर मी उगाचच हॉर्न दाबला.

आणि त्याच भरात मी घरी आल्यावर जाहीर केलं की ह्यापुढे ह्या घरातली लाईन जाणार नाही. बायकोने चहाचं आधण ठेवता ठेवता माझ्याकडे एकदा पाहिलं. ती नजर मी ओळखतो. स्वयंपाकघरातला नळ मी स्वतः दुरुस्त करणार म्हणालो होतो तेव्हाची ती नजर.

इथे माझ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी एका मोठ्या कचेरीत आवक-जावक विभागाचा प्रमुख आहे. बाहेरून येणारा प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून आत जातो आणि आतला प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून बाहेर. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक कागद गहाळ झालेला नाही. लोक आमच्या खात्याला हसतात, हसू देत. पण अशा माणसाच्या स्वतःच्या घरात एका बाईचं घोरणं दुसऱ्या बाईपर्यंत धड पोचू नये, ही गोष्ट मला फार झोंबली.

आमच्या कचेरीतलं नेटवर्क सांभाळणारा एक गृहस्थ आहे. तो दिवसाला साधारण चाळीस शब्द बोलतो, म्हणून त्याला सगळे मौनी म्हणतात. त्या दिवशीचे चाळीसही शब्द त्याने माझ्यासाठी खर्च केले. म्हणाला, लाईनी दोन घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. राउटरही दोन घ्या. एक कामावर राहील, एक बदली म्हणून बसून राहील. घरातल्या टॅबला आणि फोनला बाहेर जायचा एकच पत्ता ठाऊक असतो. तो पत्ता दोघांपैकी कुणाचाच नाही, तो खुर्चीचा. जो कामावर असेल तो त्या खुर्चीत. कामावरचा राउटर लाईनच्या पलीकडच्या यंत्राला सारखं विचारत राहतो, आहेस का, आहेस का. ओळीने तीनदा उत्तर आलं नाही की लाईन गेली असं समजून तो खुर्चीवरून उठतो आणि बदली बसतो. सेकंदभराचं काम. चित्र अडखळेल, पण कॉल तुटणार नाही.

मला हे एका फटक्यात समजलं, आणि का समजू नये? आमच्याकडेही पत्रं माझ्या नावाने येत नाहीत, 'प्रमुख, आवक-जावक' ह्या खुर्चीच्या नावाने येतात. मी रजेवर गेलो की बदली माणूस त्या खुर्चीत बसतो आणि बाहेरच्या जगाला पत्ता लागत नाही. घटकाभर मला असंही वाटून गेलं की ही सगळी विद्या मुळात आमच्या खात्यातून चोरलेली असावी. मौनीने भंगारात काढलेले दोन राउटर मला दिले. ते फाटकाबाहेर न्यायला तीन सह्यांचा पास लागला, आणि त्या पासाची जावक नोंद करणारा अधिकारी मीच असल्यामुळे, स्वतःकडून स्वतःच पोच घेऊन, मी ते घरी आणले. एकाचं नाव ठेवलं साहेब, दुसऱ्याचं बदली. आठ दिवसांची रजा टाकली.

दुसऱ्या लाईनचा माणूस पहिल्याच दिवशी, शनिवारी आला. नारिंगी शर्ट, खांद्यावर वायरचं भेंडोळं. त्याला पाहिल्यावर मला ओळखीचं काहीतरी वाटलं. गुरुवारी जुन्या लाईनच्या तक्रारीसाठी निळ्या शर्टातला जो माणूस येऊन गेला होता, तोच हा. तीच मिशी, तोच तुटलेला दात.

"परवा तुम्हीच आला होतात ना?" मी विचारलं.

"परवा मी त्या कंपनीचा होतो," तो शांतपणे म्हणाला.

मी म्हटलं, आलाच आहात तर त्या लाईनवरही नजर टाका. त्याने खेदाने मान हलवली. नारिंगी शर्टात निळ्या वायरीला हात लावायची परवानगी नाही. तक्रार नोंदवा, माणूस येईल. कोण येईल, असं विचारल्यावर थोडा विचार करून म्हणाला, बहुतेक मीच. माणूस वाईट नव्हता. चहाला थांबला, आणि चहा पिताना निळ्या कंपनीची कामं कशी ढिसाळ असतात हे त्याने मला बारकाईने समजावून दिलं.

खरी अडचण पुढेच होती. आमच्या इमारतीच्या नियमांप्रमाणे एका घराला बाहेरच्या भिंतीत वायरीसाठी एकच भोक मिळतं. तेव्हा त्याने नारिंगी वायर निळ्या वायरीच्याच भोकातून आत घेतली आणि दोन्ही एकाच पट्टीने ठोकून टाकल्या. मी फोनवर मौनीला हे कौतुकाने सांगितलं.  तो म्हणाला, "एकाच भोकातून? मग दोन घेतल्यात कशाला?" बरोबरच होतं. एखाद्या रंगाऱ्याने तिथे बादली अडकवली की साहेब आणि बदली दोघंही एकदम गारद.

म्हणून मी दुसऱ्या भोकासाठी अर्ज केला. सेक्रेटरी नियमाचे पक्के. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, आज तुम्हाला दुसरं भोक दिलं तर उद्या सगळी इमारत भोकं मागेल, मग भिंत कुठे राहिली? दोन दिवस हा विषय जिन्यात गाजला. खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर, ज्यांनी आयुष्यभर पूल बांधले, ते येऊन माझ्या भिंतीवर पाच ठिकाणी टिचक्या मारून गेले आणि भिंत चांगली आहे, पण मालक उतावळा दिसतो, असं बायकोजवळ म्हणाले. मालक म्हणजे मी. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आत्याला दुपारी झोपूच देऊ नका, विणकाम शिकवा, असं सुचवलं. समोरच्या काकूंचा सल्ला तर सगळ्यात सोपा होता. मोठ्या आत्याचं घोरणं रेकॉर्ड करून ठेवा, लाईन गेली की ते लावा, संपला विषय.

बायकोला हा सल्ला पटला. मला अजिबात पटला नाही. मी उभा राहिलो आणि काकूंना स्पष्ट सांगितलं, "माझ्या घरात आत्याची फसवणूक होणार नाही. तिला ताईचा खरा श्वास ऐकू येईल, नाहीतर काहीच येणार नाही." बोलताना आवाज जरा चढला असावा. काकू म्हणाल्या, बरं बाबा, आणि आपली वाटी घेऊन निघून गेल्या.

शेवटी माझं खातंच माझ्या कामी आलं. सव्वीस वर्षांत कुठल्या शब्दाला नकार मिळतो आणि कुठल्या शब्दापुढे माणूस गप्प होतो, हे मला पाठ झालंय. दुसऱ्या अर्जात मी वायरीचा उल्लेखच केला नाही. 'विद्यमान छिद्रावरील भार कमी करून भिंतीचे आयुष्य वाढविण्याबाबत' असा विषय घातला. सेक्रेटरींनी त्याच दिवशी सही केली आणि बाकीच्या घरांनीही असं करावं अशी सूचना फलकावर लावली.

रजेच्या पाचव्या दिवशी दुपारी मी दोन्ही राउटर बैठकीच्या खोलीतल्या कपाटावर शेजारी शेजारी मांडून, मौनीने लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे त्यांच्यात आज्ञा भरायला बसलो. कागदावर लिहिलं होतं, दोघांना एकच गट क्रमांक द्यावा. इथे माझी लेखणी अडली. आवक-जावकच्या रजिस्टरात दोन नोंदींना एकच क्रमांक देणं म्हणजे काय असतं, हे मौनीसारख्या माणसाला कळायचं नाही. एका कारकुनाची त्यापायी चौकशी झालेली मी पाहिली आहे. त्याच्या हातून चूक झाली असणार असं समजून मी साहेबाला एक आणि बदलीला दोन असा क्रमांक दिला आणि समाधानाने हात झटकले.

त्याचा परिणाम असा झाला की दोघं एकमेकांना ओळखेनात. दुसऱ्या गटाचं बोलणं ऐकायचं नाही, ही त्यांच्यातली शिस्त. साहेबाला वाटलं आपण एकटेच आहोत, बदलीलाही तसंच वाटलं, आणि दोघंही जाऊन त्या एकाच खुर्चीत बसले. टॅबमधून निघालेलं अर्धं बोलणं ह्याच्याकडे, अर्धं त्याच्याकडे. सव्वादोनला खोलीतून आत्याची हाक आली. मी गेलो तर टॅबवर मोठ्या आत्याचं चित्र गोठलेलं, तोंड उघडं, डोळे वर गेलेले. आत्या पलंगाच्या कडेवर बसून थरथरत होती. म्हणाली, "अरे, ताई बघ ना कशी करतेय." मी फोन लावला, मोठी आत्या नेहमीसारखी बोलली, पण आत्याचे हात शांत व्हायला पाऊण तास लागला. बायकोने कपाटाकडे न बघता आत्यासाठी पाणी आणलं. 

गट क्रमांक सुधारला. दोघांची ओळख झाली, साहेब खुर्चीत, बदली बाजूला, हिरवे दिवे लुकलुकायला लागले. इथेच थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण 'आहेस का' किती वेळाने विचारायचं, ती जागा कागदावर मोकळी होती. मौनीने बाजूला 'बेताने' असं लिहिलं होतं. आमच्या खात्यात पोच जितकी लवकर तितकी चांगली. मी सेकंदाला वीस वेळा विचारायचं असं ठरवून टाकलं.

ते दोन जुने राउटर, भंगारातून उठून आलेले. सेकंदाला वीसदा विचारणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ. कुणी फोनवरून फोटो पाठवला की साहेब त्या गडबडीत तीन उत्तरं ऐकायचा चुकायचा, लाईन मेली असं ठरवून खुर्ची सोडायचा. बदली बसायचा. तेवढ्यात साहेब शुद्धीवर येऊन म्हणायचा, अरे, लाईन तर आहे, ऊठ. बदली उठायचा. पुन्हा तेच. लाईनी दोन्ही धडधाकट, आणि मध्ये ही दोघांची उठबस. प्रत्येक वेळी घोरणं तुटायचं. दुसऱ्या दिवशी एका दुपारी आत्या अकरा वेळा दचकून उठली.

बायकोने एवढंच म्हटलं, "अहो, पूर्वी दोनदा उठायच्या."

संध्याकाळी आत्याने मला जवळ बोलावलं. रागावली असती तर मी भांडलो असतो. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तू एवढं करतोयस, मला दिसतंय. पण उद्यापासून कॉल नको. मी आपली नुसती पडेन." दुसऱ्या दिवशी दोन वाजता टॅब बंद होता. आत्या छताकडे बघत पडून राहिली. घरात कसलाही आवाज नाही. बायकोच्या पुस्तकाची पानं उलटण्याचा तेवढा आवाज, ते तिने पहिल्यांदाच पन्नासाव्या पानापर्यंत नेलं. पडद्यातून तोच उजेड येत होता, पण घर होतं तिथेच, सिमेंटवर घट्ट. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. लाज वाटत होती, आणि भीतीही. चार वाजता रक्तदाब मोजला तर आकडा डॉक्टरांच्या दवाखान्यातल्यापेक्षा वर होता. बायको म्हणाली, रविवारपर्यंत जमलं तर जमलं, नाहीतर ही खोकी घरात ठेवायची नाहीत.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मौनी स्वतः घरी आला. आमच्याकडे तो पहिल्यांदाच येत होता. बूट काढून, कपाटापुढे स्टूल घेऊन बसला. मी दिलेला आकडा पाहिला. मग वळून माझ्याकडे असं पाहिलं की मीच मान खाली घातली.

"त्यांना जरा श्वास घेऊ द्या," तो म्हणाला. "इतक्या घाईनं विचारलं तर जिवंत माणूसही उत्तर द्यायचा चुकेल."

त्याने सेकंदाला तीनदा विचारायला लावलं. शिवाय साहेब शुद्धीवर आला तरी त्याला लगेच खुर्ची द्यायची नाही, पाच मिनिटं बाहेर बसवायचं, लाईन खरोखर टिकते का बघायचं, मगच आत घ्यायचं, अशी तजवीज केली. सुटीवरून परत आलेले बरेच साहेब मी पाहिले आहेत, त्यामुळे ही गोष्ट मला विशेष पटली. काम आटपल्यावर मौनी उठला नाही. दिवाणावर टेकला, त्या लुकलुकत्या दिव्यांकडे बघत राहिला, आणि त्याला झोप लागली.

मीही खुर्चीत बसून दिव्यांकडे बघत होतो. साहेबाचा दिवा लागायचा, विझायचा, मग जरा वेळाने बदलीचा. आहेस का. आहे. आहेस का. आहे. बघता बघता माझे डोळे जड झाले, आणि मला असं वाटायला लागलं की ते विचारणं लाईनीतून निघून भिंतीतल्या नव्या भोकातून बाहेर पडतंय, इमारतींवरून, माळावरून, मग न पाहिलेल्या गावांवरून जातंय, कुठे कुणी जागं नाही, आणि तरी प्रत्येक ठिकाणी कुणीतरी झोपेतच हुंकार देतंय. माझ्या खात्यात गेली सव्वीस वर्षं मी जी पोच घेतोय ती मुळात हीच असावी, असाही एक विचार येऊन गेला. जागा झालो तेव्हा मौनी निघून गेलेला होता. कागदावर लिहून गेला होता, उद्या एकदा वायर उपटून बघा.

रविवारी सकाळी मी आत्यापाशी बसलो. म्हटलं, आज एकदाच. आज तू उठलीस तर मी ती खोकी स्वतःच्या हाताने बाहेर टाकेन. तिने स्टुलावरचा टॅब पदराने पुसला. मग म्हणाली, ताईलाही करमत नसेल. दोन वाजता टॅब उभा राहिला. गुडघ्यांचा दोन दिवसांचा साचलेला आढावा झाला. आणि खोलीतून तो मोठा श्वास आला, जरा थांबला, मग शीळ. बायकोची मान तिसऱ्या पानावर कलली. पंखा ठेक्यात आला. घर हळूच सुटलं आणि चालायला लागलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी मी साहेबाची वायर उपटली.

घोरणं थांबलं. मी मनात 'एक' म्हटलं, 'दोन' म्हणणार तोच कपाटावर बदलीचा दिवा लागला आणि खोलीतून अर्धवट राहिलेली शीळ पुढे सुरू झाली. मी कान देऊन उभा राहिलो. पलंग वाजला नाही. हाक आली नाही. आत्या झोपली होती.

आयुष्यात एवढं मोठं काम माझ्या हातून झालं नव्हतं, आणि बघायला कुणी नाही. बायको झोपलेली, मौनी आपल्या घरी. कुणाच्या लक्षात न येणं हेच त्या कामाचं यश, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही. वायर हातात धरून मी जरा वेळ तसाच उभा होतो. मग वाटलं, निदान आपल्या डोळ्यांनी तरी बघावं. टॅबचं तोंड नेहमी उशीकडे, आम्हाला दिसते ती त्याची पाठ. मी चवड्यांवर चालत खोलीत गेलो आणि आत्याच्या उशावरून वाकून पाहिलं.

मोठी आत्या पलंगावर ताठ बसली होती. नाकावर चष्मा, मांडीवर वर्तमानपत्र, हातात पेन. शब्दकोडं सोडवत होती. आणि घोरत होती.

तिने मान वर केली, मला पाहिलं, आणि ठेका न चुकवता ओठांवर बोट ठेवलं. एक मोठा श्वास घेऊन, थांबायच्या जागेत कुजबुजली, "झोपलीय ना?" मग शीळ.

मी मान हलवली. पुढचं तिने मला तसंच, दोन श्वासांच्या मधल्या जागेत, हप्त्याहप्त्याने सांगितलं. तिला दिवसा झोप येत नाही, जन्मात कधी आलेली नाही; धाकटीचा डोळा लागेपर्यंत ती नुसती आडवी पडते. धाकटी लहानपणी एकटी झोपायला भ्यायची. ताई झोपली अशी खात्री पटल्याशिवाय डोळे मिटायची नाही. म्हणून नऊ-दहा वर्षांची असताना मोठी घोरायला शिकली.

"आत्ता लाईन गेली होती ना रे?" तिने विचारलं. "लगेच आली. तू केलंस?"

मी पुन्हा मान हलवली.

"छान केलंस हो," मोठी आत्या म्हणाली.

आठ दिवसांत असं म्हणणारं ते पहिलं माणूस.  पण तिचा चेहरा मात्र उतरला होता. शीळ सोडून ती म्हणाली, "माझी मात्र पंचाईत झाली बघ. लाईन जायची तेव्हा ही जागी असायची, तेवढ्यात मी पाणी पिऊन घ्यायची, गोळी घ्यायची. आता जायचीच नाही म्हणतोस." मग मोठा श्वास. तो कोरडा, खरखरीत आला. आत्याच्या कपाळावर आठी पडली.

"घसा सुकलाय रे," मोठी आत्या म्हणाली. "दोन मिनिटं तू घोर. मी आलेच."

मी आवक-जावक विभागाचा प्रमुख आहे. ह्या घरात आत्याची फसवणूक होणार नाही, असं मी चारचौघांत सांगितलेलं होतं. पण मोठ्या आत्याचा श्वास घेऊन झाला होता, तिची शीळ संपत आली होती आणि ती माझ्याकडे बघत होती. मी उशापाशी गुडघ्यांवर बसलो, तोंड टॅबजवळ नेलं आणि घोरायला लागलो.

वाटतं तितकं ते सोपं नाही. माझा श्वास फार मोठा झाला आणि शीळ नाकातच राहिली. पलीकडे मोठी आत्या वॉकर ओढत, एकेक पाऊल टाकत चित्राबाहेर गेली. वॉकर घेतलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईची दोन मिनिटं म्हणजे काय, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. समोर रिकामा पलंग आणि अर्धं सोडवलेलं शब्दकोडं. इकडे आत्याचे ओठ हलले. 

"ताई," ती डोळे न उघडता म्हणाली, "घसा बसलाय गं तुझा. पाणी पी."

मी जमेल तेवढी बारीक शीळ सोडली. आत्या कुशीवर वळली आणि पुन्हा शांत झाली.

पाच मिनिटं झाली असतील, सहाही. माझी मान आखडली, डोळ्यांत पाणी आलं. मोठ्या आत्याचा पत्ता नव्हता. तेवढ्यात दारात सावली हलली. बायको उभी होती. आपला नवरा डोळे टक्क उघडे ठेवून, टॅबपुढे गुडघे टेकून घोरतोय, हे ती बघत होती. मी तिला काही सांगू शकत नव्हतो, कारण थांबू शकत नव्हतो. तिने टॅबवरचा रिकामा पलंग पाहिला, झोपलेल्या आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

ती आवाज न करता आत आली, पदर खोचून माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "दमलात की खूण करा. मी घेते पुढचं."